अक्षरांची कंबर

उतारवयात माणसानं कुणाशी वैर धरू नये असं म्हणतात. मी धरलं, आणि तेही अक्षरांच्या एका वळणाशी. शेजाऱ्याशी धरलं असतं, तर गणपतीत आरतीला बोलावून मिटवता आलं असतं. अक्षरांना आरतीला कसं बोलावणार?

आधी माझी बाजू सांगतो. मी निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे साध्या मराठीत प्रूफरीडर. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरलं. (स्वतःच्या चुका शोधायचं काम घरी दुसऱ्या खात्याकडे आहे.) या धंद्यात माझी एक श्रद्धा पक्की झाली, की चांगलं अक्षर ते, जे डोळ्यांत भरत नाही. पंगतीत चांगला वाढपी कसा, पानात वरण येतं, भात येतो, पण वाढून कोण गेलं ते आठवत नाही. तसं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टाइपात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या वाचल्या. पण "अहाहा, काय ट आहे!" असं म्हणून कुणी पोथी मधेच मिटल्याचं मी ऐकलेलं नाही. अक्षरानं वाचणाऱ्याला अर्थाच्या दारात सोडावं आणि रिक्षा वळवून निघून जावं, असं माझं मत होतं. होतं म्हणतो, कारण पुढे ते थोडं हललं.

आता दुसरी बाजू. आमच्या सौ.चं विठ्ठलवाडीला पोळीभाजी केंद्र आहे. विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण सोडल्यावर कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन. प्रेक्षणीय असं काही नाही, त्यामुळे इथे जो उतरतो त्याला इथेच यायचं असतं. आमचं गिऱ्हाईकही तसलंच, नेमानं येणारं. एसटीच्या आगारातले चालक-वाहक, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत जाणारे-येणारे कामगार, एकटे राहणारे दोन-चार मास्तर. सोळा वर्षं दुकानावर एक पत्र्याचा फलक होता. आमच्याच गल्लीतल्या पेंटरनं रंगवलेला. पिवळ्यावर लाल, आणि अक्षरं अशी गुबगुबीत की 'पोळीभाजी केंद्र' वाचतानाच अर्धं पोट भरावं. पोळ्या पातळ आणि अक्षरं जाड, असा एकूण कारभार होता. तो व्यवस्थित चालला होता.

सोळा पावसाळ्यांनी फलकाची 'भाजी' खाल्ली. उरलं 'पोळी केंद्र'. तेव्हा आमच्या धाकट्या लेकीनं जाहीर केलं, "आईचा नवा बोर्ड मी करणार."

धाकटी उपयोजित कला शिकलेली आहे आणि मुंबईत एका जाहिरात संस्थेत अक्षरांवर पगार मिळवते. मलाही अक्षरांवरच पगार मिळाला, पण मी ती तपासत होतो, ही ती नटवते. पंधरा दिवसांनी फलक आला. काळाभोर, गुळगुळीत, आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं. वर सौ.चं नाव, मोठ्ठं. खाली 'पोळीभाजी केंद्र'. त्याच्या खाली 'विठ्ठलवाडी'.

सौ.चं नाव मी इथे देत नाही. ते फलकावर आहे, येऊन वाचावं. वाचता आलं तर.

कारण ती अक्षरं! आयुष्यात मी इतकी उंच आणि इतकी हडकुळी अक्षरं पाहिली नव्हती. बटाट्याच्या पोत्याशेजारी कुणी अगरबत्तीचं पुडकं उभं करावं, तशी ती उभी होती. बरं, नुसती अरुंद असती तरी चाललं असतं. पण प्रत्येक अक्षराची उभी रेघ चांगली जाड, आणि आडवी रेघ नि वळणं मात्र केसासारखी. शिरोरेघ तर इतकी बारीक की ती आहे यावर विश्वासच ठेवावा लागे. मी रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं. 'पोळीभाजी' या शब्दातले फक्त उभे दांडे दिसत होते. मोजले, सात भरले. सात गजांची खिडकी, आणि आत काळोख.

"हा काय प्रकार आहे?" मी विचारलं.

"बाबा, याला कॉन्ट्रास्ट म्हणतात," धाकटी म्हणाली. मग तिनं माझा वर्ग घेतला. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना जी बारीक पावलं असतात त्यांना सेरिफ म्हणायचं. पावलं काढली की ते सॅन्स सेरिफ, म्हणजे अनवाणी अक्षर. अनवाणी अक्षरं बहुतेक सगळीकडे सारख्या जाडीची असतात, कामकरी माणसांसारखी. पण काही अनवाणी अक्षरांत जाड-बारीक असा भेद मुद्दाम ठेवतात, आणि वर ती अरुंद करतात. मग ती फार देखणी दिसतात. अत्तराची बाटली, नाटकाचं नाव, मासिकाचं मुखपृष्ठ अशा ठिकाणीच ती वापरायची. चार शब्दांपुरती. त्यांत कुणी पुस्तक छापत नाही. आपल्या देवनागरीतही आता पुष्कळ वळणं आली आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ साली अरुंद 'खंड' आणलं, त्याच साली खूप जाड-बारीक असलेलं 'रोझा वन' आणलं. मुंबईच्या एक टाइपवाल्यांचं 'मोदक' तर नावासारखंच आहे, आणि २०२२ सालच्या त्यांच्या 'अनेक'मध्ये सडपातळापासून ऐसपैसपर्यंत सगळे एकाच घरात नांदतात.

"आपल्यासारखेच," मी सौ.कडे पाहत म्हणालो. तिनं पाहिलं नाही.

"आईसाठी मी एकाचा अरुंदपणा घेतला, दुसऱ्याचं जाड-बारीक घेतलं आणि अक्षरं स्वतः काढली. तीन महिने लागले," धाकटी म्हणाली.

इथे शहाण्या बापानं गप्प बसायचं असतं. पण मुद्रितशोधकाला समास कोरा पाहवत नाही. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे 'विठ्ठलवाडी' बघ. ठ खाली ठ, दोन अंडी एकावर एक ठेवल्यासारखे. अगं, विठोबाचे हात कमरेवर असतात. म्हणजे कोपरं बाहेर. तुझ्या अक्षरात त्याच्या कोपरांना जागाच नाही!"

"बाबा, सकाळच्या लोकलमध्ये कोपरं बाहेर काढून उभं राहता येतं का?" तिनं विचारलं.

फलक चढला.

मग जे घडलं ते घडेल असं मला वाटलंच होतं, आणि खोटं कशाला बोलू, घडावं असंही वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात एका बाईनं आत डोकावून विचारलं, "फेशियलचे किती?" एक गृहस्थ चपला बाहेर काढून आले, बाकावर बसले आणि जबडा धरून म्हणाले, "डॉक्टर किती वाजता येतात?" सौ.नं त्यांना ताक दिलं. दाढ दुखायची थांबली नाही, पण ताकाची चौकशी करून गेले.

हे झालं विनोदाचं. पण हळूहळू नेहमीची माणसं कमी झाली. आगारातले येत होते. ते वासावर येतात, फलकावर नाही. मास्तर येत होते. ते उधारीवर होते. पण कारखान्याकडची चार-पाच माणसं दिसेनात. त्यांतला एक जीन्सचे गठ्ठे पाठीवरून वाहणारा. रोज दुपारी दोन पोळ्या आणि सुकी भाजी, न बोलता. दहा दिवस त्याचा पत्ता नाही. मला वाटलं, आजारी असेल. एके दिवशी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर भेटला.

"काय हो, येत नाही?"

त्यानं वडा गिळला. "आता आपल्याला नाही परवडायचं ते."

"अहो, पोळी आठ रुपयांचीच आहे. रेट कुठे वाढलाय?"

"रेट नसंल वाढला," तो म्हणाला, "पण बोर्ड वाढलाय ना."

मी घरी आलो तो विजयी वीरासारखा. माझ्या बाजूनं निकाल लागला होता आणि तोही वाचकाकडून. वाटेत माझं तत्त्वज्ञान तयार झालं. तुम्ही म्हणाल, कसल्या अक्षरांवर कसलं तत्त्वज्ञान! पण बघा. हा माणूस फलकावरचा मजकूर वाचून परत गेला नव्हता. मजकुरात 'तुम्ही येऊ नका' असं कुठेही नव्हतं. ते अक्षरांच्या कंबरेत होतं. एखाद्या बंगल्यावर 'कुत्र्यापासून सावध' असं लिहिलेलं असतं, त्यात निदान प्रामाणिकपणा असतो. इथे कुत्रा नव्हता, पाटी नव्हती, आणि माणूस फाटकातून मागे फिरला होता. त्याला कुणी हाकललं? आम्ही नाही. मग कुणी?

अक्षरांच्या या चलाखीबद्दल आमच्या भागाला उपदेश करण्याचा अधिकार नाही, हे मी जाणतो. उल्हासनगर वसलं १९४९ साली, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी छावण्यांतून. त्या माणसांनी शून्यातून कारखाने उभे केले. त्यांच्या मालावर 'मेड इन यूएसए' असं छापलेलं असायचं, आणि यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा एक जुना किस्सा या भागात अजून सांगतात. किस्सा खरा असो की रचलेला, त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, हीच तर मजा आहे. अक्षर खरं आणि दिसणं खोटं, हे दोन्ही एकाच वेळी जमतं.

सरकारलाही हे जमलेलं आहे. २०२२ साली महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी मराठी फलक सक्तीचा, आणि त्यातलं अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. पुढे २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. लगेच एका दुकानदारानं इंग्रजी नाव होतं तसं, आडवं, हातपाय पसरून झोपलेलं ठेवलं, आणि त्याच्या शेजारी मराठी नाव उभं केलं, उंच, अरुंद, केसाएवढ्या रेघांचं. उंची मोजा, इंग्रजीपेक्षा बोटभर जास्तच भरेल. कायदा पाळला गेला आणि मराठी वाचली गेली नाही. कायद्यानं उंची मोजली. कंबर कोण मोजणार?

हे सगळं मी घरात शिरता शिरता सौ.ला ऐकवलं. वर एक दाखलाही दिला. इथून दोन स्टेशनं पुढे अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरात शिलालेख आहे, शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी त्यातला शक आधी ७८२ वाचला होता, नंतर तो ९८२ ठरला. "एका आकड्याच्या वळणावर देऊळ दोनशे वर्षं मागेपुढे होतं," मी म्हणालो. "आणि आपण काय करतो? मुद्दाम न वाचता येणारं लिहितो! हा फलक अनीतीचा आहे. तो उतरवला पाहिजे."

सौ. पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"तुम्ही किती वर्षं नावं तपासलीत हो?" तिनं विचारलं.

"चौतीस."

"लोकांच्या लग्नपत्रिका, सत्कार, श्रद्धांजल्या. एखाद्या नावाचा रफार चुकला तर तुम्ही रात्री झोपत नव्हता."

"ते कर्तव्यच होतं."

"माझं नाव कधी छापलेलं पाहिलंत?"

मी आठवू लागलो. "आपली पत्रिका—"

"पत्रिकेवर माहेरचं होतं. ते त्याच दिवशी तुम्ही बदललंत. नवं नाव ताटात तांदळांवर अंगठीनं लिहिलंत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या तांदळांचा भात केला." पोळी तव्यावर गेली. "आणि एवढं हौसेनं ठेवलेलं नाव तुम्ही एकदाही हाक मारायला वापरलं नाहीत. तुम्ही 'अगं', मुली 'आई', गिऱ्हाइकं 'मावशी'. त्या जुन्या बोर्डावर सोळा वर्षं 'पोळीभाजी केंद्र' होतं. केंद्राचं नाव होतं, बाईचं नव्हतं. परवा मी पलीकडे उभी राहून पाहिलं. इतकं छान दिसलं हो. मला वाटलं, ही कोण बाई आहे ती मला भेटायला हवी."

पोळी फुगली. मी काही बोललो नाही. माझ्या तत्त्वज्ञानाला एवढी वाफ झेपण्यासारखी नव्हती.

रात्री धाकटीचा फोन आला. आईनं तिला वडापावच्या गाडीची हकिगत सांगितली असावी. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तो माणूस आला नाही, याचं मला वाईट वाटलं. पण मला एक सांगा. देखणं अक्षर फक्त अत्तराच्या बाटलीवरच असायचं का? गरिबांच्या दुकानावर जाडच अक्षर हवं, हा नियम कुणी केला? तोही आपण तुम्ही नाही, आम्ही नाही, असाच केला ना?"

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. हेरमान झाफ नावाचा जर्मन अक्षरकार १९५० साली इटलीत फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये गेला. तिथल्या जमिनीत बसवलेल्या जुन्या थडग्यांच्या शिळांवरची अक्षरं त्याला आवडली. अनवाणी, पण जाड-बारीक वळणाची. जवळ कागद नव्हता, म्हणून त्यानं हजार लिराच्या नोटेवर ती उतरवून घेतली. त्यावरून बेतलेला 'ऑप्टिमा' टाइप १९५८ साली बाजारात आला. आमच्या फलकाच्या अक्षरांचा लांबचा आजोबाच तो, मात्र अंगानं भरलेला. पुढे वॉशिंग्टनला व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या सैनिकांचं स्मारक झालं, १९८२ साली. काळ्या दगडाची भिंत, आणि तिच्यावर नुसती नावं, अठ्ठावन्न हजारांच्या वर. हुद्दा नाही, पदवी नाही. ती सगळी नावं ऑप्टिमात कोरली आहेत.

"माणसं तिथे जाऊन नावावरून बोट फिरवतात, बाबा. बहुतेक नावं सेनापतींची नाहीत ती. साध्या पोरांची आहेत. त्यांना देखणं अक्षर दिलं म्हणून कुणी म्हणालं का, की हे यांना शोभत नाही?"

मी मुद्रितशोधक माणूस. समोरच्याचं बरोबर असेल तर समासात तसं लिहावं लागतं. पण गठ्ठेवाल्याचंही बरोबर होतं. दोन्ही मजकूर शुद्ध, आणि एकमेकांशी जुळत नाहीत, अशी वेळ छापखान्यात आली की आम्ही लेखकाला बोलावत असू. इथे कुणाला बोलावणार? मी पेंटरला बोलावलं.

पेंटरची परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे. फ्लेक्स आल्यापासून ब्रश हातात धरायचे प्रसंग थोडे. कधी टेम्पोवर नंबर, कधी बंद पडलेल्या दुकानावर 'विकणे आहे'. मला वाटलं, हा माणूस तरी माझी बाजू घेईल. त्याची 'पोळीभाजी' उतरवून तिथे ही सात दांड्यांची खिडकी बसवली होती. त्यानं फलकाखाली स्टूल घेतलं, वर चढला आणि अक्षरांना नाक लावलं. पाच मिनिटं झाली.

"हे पोरीनं हातानं काढलं?"

"हो. मग संगणकावर घेतलं."

"ही बारीक रेघ बघा, भाऊ. जाड रेघ कुणीही ओढतो. चुकली तर आणखी जाड करायची. बारीक रेघेला माफी नाही. श्वास धरून ओढावी लागते." तो खाली उतरला. "तरुणपणी मी पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती कापून ठेवायचो. कमल शेडगेंची नावं. एकेक नाव असं काढायचे की पडदा उघडल्यासारखं वाटायचं. मी रात्र रात्र गिरवायचो. जमायचं नाही. मग म्हटलं, आपली गल्ली आणि आपली जाड अक्षरं बरी."

शेडगे २०२० साली गेले. पेंटरकडे ती कात्रणांची वही अजून आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सोळा वर्षं मी त्याच्या अक्षरांवरून त्याची किंमत करत होतो. गठ्ठेवाल्यानं आमची केली तशीच.

"म्हणजे हा फलक बरोबर आहे?" मी विचारलं.

"काढलाय बरोबर. पण एक आहे. आपला बोरू तिरका धरला, पंचेचाळीस अंशात, की उभी रेघ आणि आडवी रेघ सारख्याच जाडीची येते. जाड-बारीक होतं ते वळणात नि तिरक्या रेघेत. इथे उभीला सगळं दिलंय नि आडवीला काही ठेवलं नाही. जवळून छान दिसतं. लांबून आडवी उपाशी मरते." तो हसला. "आणि लांबून बघणारेच वाटेत जास्त असतात, भाऊ."

माझ्या दोन आठवड्यांच्या तत्त्वज्ञानाचं त्यानं दोन ओळींत मुद्रित तपासून दिलं. देखणं असण्यात पाप नाही. ज्याचं नाव चाळीस वर्षं कुणी घेतलं नाही, त्याचं नाव देखणं लिहिणं हे तर पुण्यच. पण देखणेपण जवळ आलेल्याला दिसतं. जो लांब उभा आहे, ज्याला आत यावं की नाही हा प्रश्न आहे, त्याच्याशीही कुणीतरी बोललं पाहिजे. ते काम देखण्या अक्षराचं नसेल, तर दुसऱ्या कुणाला तरी नेमलं पाहिजे. लग्नघरात नवरी दागिने घालून आत बसलेली असते, पण दारात 'या, या' म्हणायला एक जाड मामा उभा लागतोच. नवरीला बाहेर पिटाळून दारात उभं करणं चूक, आणि मामा नसणं हीही चूक. आम्ही लग्न मांडलं होतं, मामा विसरलो होतो.

सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "मग रंगवा की खाली. नावाला हात लावायचा नाही."

फलकाखाली भिंतीची दीड हात जागा होती. पेंटरनं ती पिवळी केली आणि लाल रंगात, आपल्या मूळच्या खात्यापित्या वळणात लिहिलं: 'पोळी ८ रुपये. भाजी आहे. आत या.' त्यानं 'या' जरा मोठा काढला. मी विचारलं, पुढे पूर्णविराम द्यायचा का? तो म्हणाला, "'या'पुढं कसला पूर्णविराम देताय?" चौतीस वर्षांत मला हा नियम कुणी शिकवला नव्हता.

धाकटीला फोटो पाठवला. अक्षरांचं हे लग्न तिला मानवेल की नाही अशी धाकधूक होती. तिचं उत्तर आलं, "खालचा 'या' मला हवाय. पेंटरकाकांना विचारा, असा पूर्ण बाराखडीचा संच काढून देतील का?" ते दोघं आता दर रविवारी बसतात. त्यातून पुढे काय निघेल ते निघो. सध्या माझा चहा निघतो.

चार दिवसांनी गठ्ठेवाला आला. रस्त्याच्या पलीकडे थांबला, 'आत या' वाचलं आणि आत आला. दोन पोळ्या, सुकी भाजी. खाऊन झाल्यावर बाहेर हात धुताना त्याची मान वर गेली. आता तो फलकाच्या अगदी खाली होता, बारीक रेघा दिसाव्यात इतका जवळ.

"ते वर काय लिहिलंय?"

"नाव आहे," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"वाचा की."

त्यानं ओले हात विजारीला पुसले आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत, सावकाश, मोठ्यानं ते नाव वाचलं.

आतून पोळीच्या वाफेतून आवाज आला, "ओ!"

फलक वाचता येतो, एवढं माझ्यासमोर सिद्ध झालं. आता मीही कधीतरी तो मोठ्यानं वाचून पाहणार आहे. सराव चालू आहे. सध्या 'अगं'पर्यंत बरोबर येतं.